लहान मुलांना ब्लूज आणि त्यातल्या जुन्या गायिका ऐकवायच्या आहेत, सुरुवात कुठून करावी? (सोलापूर)

शेंगाचटणी

वस्तीतल्या वाचनालयात सुट्टीतले सहा रविवार मिळालेत, सकाळी आठ ते नऊ. नऊनंतर पत्रा तापतो, मग कोण बसत नाही. मुलं १४, वय ८ ते ११. घरी कुणाकडं मराठी, कुणाकडं कन्नड, कुणाकडं तेलुगू. इंग्रजी सगळ्यांचंच बेताचं. भजन, हादग्याची गाणी तोंडपाठ आहेत. सामान म्हणजे एक पेटी, एक ढोलकी, एक हलगी आणि एक ब्लूटूथ स्पीकर.

विषय ठरलाय: ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, आणि त्यातल्या १९२०च्या दशकातल्या गायिका, मेमी स्मिथ, मा रेनी, बेसी स्मिथ. अडचणी अशा:

कुठली गाणी ऐकवू आणि कुठली मुलांसमोर नको? पेटीवर हे वाजतं का? एका ठिकाणी वाचलं की ब्लूज म्हणजे आपला मालकंसच आणि त्याचा 'बारा'चा साचा म्हणजे आपला बारा मात्रांचा एकताल. खरंय का? आणि गुलामगिरी, वर्णभेद हे आठ वर्षांच्या पोराला किती सांगायचं?

पायपेटी

मालकंस नाही आणि एकतालही नाही. दोन्ही आधी डोक्यातून काढा, नाहीतर सहाही रविवार वाकडे जातील.

मालकंसात पंचम नसतो. ब्लूजचा पंचमाशिवाय निभाव लागत नाही. नुसत्या सुरांपुरतं बघायचं तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे धानी जवळचा. म आणि प यांच्यामध्ये तीव्र म जाता जाता लागतो. पण खरा स्वभाव कळायला जोग आठवा, कारण तिथं दोन्ही गंधार आहेत. ब्लूजची सगळी गंमत त्या दोन गंधारांच्या मधल्या जागेत आहे. आणि कितीही जवळचा वाटला तरी राग म्हणून शिकवू नका. इथं सुरावट तीच राहते आणि तिच्याखालचा आधार बदलत जातो.

तो आधार बदलतो त्याचा हिशोब म्हणजे 'बारा'. बारा मात्रा नव्हेत, बारा घरं. प्रत्येक घरात चार ठोके, एकूण ४८. पहिली चार घरं 'सा'ची. पुढची दोन 'म'ची, मग दोन परत 'सा'ची. नववं 'प'चं, दहावं 'म'चं, शेवटची दोन 'सा'ची. काही रेकॉर्डांत दुसऱ्याच घरात 'म'वर जाऊन येतात, शेवटच्या घरात पुन्हा 'प' घेतात. मुलांना आधी साधा सांगाडाच द्या. जमिनीवर खडूनं चार-चारच्या तीन ओळीत बारा चौकोन आखा आणि एका मुलाला ठोक्यावर चालायला लावा. चालणारा पोरगा चुकला की बाकीचे तेरा लगेच ओरडतात, तुम्हाला बोलावं लागत नाही.

पेटीवर एका हातात भाता, म्हणून सूर तीनच आणि तेही हात न उचलता:

'सा'चं घर: सा-ग-प
'म'चं घर: सा-म-ध
'प'चं घर: मंद्र नी-रे-प

पहिल्यातून दुसऱ्यात जाताना 'सा'वरचं बोट हलतच नाही, बाकीची दोन एकेक पायरी वर सरकतात. पुस्तकात असतं तसं म-ध-सां, प-नी-रें करत हात उड्या मारायला लागला की प्रत्येक बदलाला भाता तुटतो. पट्टी पांढरी चार किंवा पाच धरा. पुरुषांच्या पट्टीत मुलांचा आवाज खाली बसतो आणि मग गाणं नुसतं पुटपुटल्यासारखं होतं.

तबकडी७८

गाण्यांचं बघू.

इतिहास 'क्रेझी ब्लूज'पासून सुरू होतो. मेमी स्मिथ, १० ऑगस्ट १९२०, न्यूयॉर्क, 'ओके' नावाची तबकड्यांची कंपनी, गाणं पेरी ब्रॅडफर्डचं. कृष्णवर्णीय गायिकेनं गायलेलं पहिलं ब्लूज ध्वनिमुद्रण ते हेच, आणि ते इतकं खपलं की सगळ्या कंपन्या अशा गायिकांच्या शोधात निघाल्या. गिटार घेतलेले बुवे नंतर आले: ब्लाइंड लेमन जेफर्सन १९२६ च्या सुमारास, चार्ली पॅटन १९२९, रॉबर्ट जॉन्सन १९३६. बायका आधी, हे मुलांना सांगाच. आपल्याकडंही १९०२ साली कोलकात्यात ग्रामोफोनच्या भोंग्यापुढं गौहर जान उभी होती.

पण वर्गाची सुरुवात 'क्रेझी ब्लूज'नं करू नका. वाद्यांचा गलका फार आहे, आणि शेवटाकडं अफू, बंदूक आलीय. पहिला अर्धा मिनिट 'हे बघा पहिलं' म्हणून वाजवा, बंद करा.

सुरुवातीला 'बॅकवॉटर ब्लूज' घ्या. बेसी स्मिथ, फेब्रुवारी १९२७, सोबत फक्त जेम्स पी. जॉन्सनचा पियानो. पाच दिवस पाऊस, पाणी चढतं, बाई होडीतनं बाहेर निघते, घर जातं, आता जायचं कुठं. मुलांसमोर नको असं एकही अक्षर नाही, आणि भीमा-सीनेच्या काठी कुणाचं ना कुणाचं पाहुणं असतंच, त्यामुळं पूर समजावून सांगावा लागत नाही. पियानोचा डावा हात ऐकायला सांगा, पाण्याचा गडगडाट तिथं आहे. शिवाय पहिल्यापासून शेवटपर्यंत बारा घरांचंच आहे, चौकोनात चालायला सोयीचं. एक चूक मात्र सगळीकडं आढळते: हे १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावर आहे असं लिहितात. तो पूर एप्रिलात आला, रेकॉर्ड फेब्रुवारीतली. त्या महापुरावरचं गाणं मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो यांचं, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', १९२९. मिनीबाईची गिटार ऐकायला ते घ्या.

दुसरं, 'सेंट लुईस ब्लूज', बेसीचंच. तारीख १४ जानेवारी १९२५; आपल्याकडं गड्ड्याची जत्रा भरलेली असते त्याच दिवसांतली, मुलांच्या लक्षात राहते. कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारखं वाद्य) लुई आर्मस्ट्राँग, आणि आधाराला काय असेल? पेटी. फ्रेड लाँगशॉनं पायानं भाता मारायचा हार्मोनियम वाजवलाय, आपल्या संगीत नाटकातल्या ऑर्गनच्याच जातीचा. तुमच्या वर्गात पेटी आहेच, यापेक्षा सोयीचं दुसरं गाणं सापडणार नाही. फक्त हे चौकोनात चालायला घेऊ नका. मध्ये सोळा घरांचा वेगळा तुकडा येतो, त्यात गंधारही कोमल होतो. पोरं बाराव्या घरावरून परत पहिल्यावर येतील आणि गाणं पुढं निघून गेलेलं असेल.

मा रेनीला तिसऱ्या-चौथ्या रविवारी आणा, आधी नको. तिच्या गाण्यात उणं काही नाही, तबकड्या वाईट आहेत. १९२३ ते १९२८ मध्ये तिनं शंभरेक गाणी मुद्रित केली ती पॅरामाउंटसाठी. ही कंपनी विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याची. ग्रामोफोनच्या पेट्या बनवता बनवता ते तबकड्यांत उतरले. लाख हलक्या दर्जाची, त्यामुळं खरखर भयंकर. नव्या कानाला आवाजाआधी ती खरखरच ऐकू जाते.

स्पीकरचा 'बास बूस्ट' बंद करा. जुन्या तबकडीत खालचे सूर जवळजवळ नसतातच, बूस्ट केल्यावर वाढते ती चकतीची घरघर. फोनच्या इक्वलायझरमध्ये १०० हर्ट्झच्या खालचं आणि ५,००० च्या वरचं कमी करा, आवाज मध्यम. एका वेळी ४०-५० सेकंद, तेच तीनदा. तीन मिनिटांची अख्खी तबकडी पहिल्या दिवशी लावली तर दीड मिनिटात चुळबुळ सुरू होणार.

१९२९ चा बेसीचा एक लघुपट नेटवर मिळतो, तिचं हलतं चित्र तेवढंच. सुरुवातीला जुगार आणि मारहाण आहे. ती उभी राहून गाते तिथून पुढचंच दाखवा.

हलगी_कडकड

तबकडीराव, यादी एक नंबर. पण आठ वर्षांच्या पोरांना पहिल्याच रविवारी खरखर ऐकवायची म्हणजे कठीणच की. एलिझाबेथ कॉटन घ्या आधी. 'फ्रेट ट्रेन', मालगाडीवरचं गाणं, तिनं स्वतः अकरा-बारा वर्षांची असताना रचलेलं. सोलापूरच्या पोराला मालगाडी काय नवीन? बाई डावखुरी. उजव्या हाताची गिटार तशीच उलटी धरून वाजवायची, त्यामुळं खर्जाच्या तारा बोटांनी आणि चाल अंगठ्यानं. व्हिडिओ दाखवा, पोरं लगेच हात उलटे करून बघायलेत का नाही बघा.

आता ठेका. चाल झुलती असते, प्रत्येक ठोक्याचे तीन बारीक तुकडे. घरात चार ठोके, म्हणजे बारा तुकडे, म्हणजे सहा मात्रांच्या दादऱ्याची दोन आवर्तनं. बारा घरांना चोवीस. एकतालाचा घोळ बहुतेक इथूनच झालाय. ढोलकीवाल्याला 'दादरा, जरा चढा' एवढंच सांगा, पण 'धा' आणि दुसरा 'धा' दोन्ही सारखेच जोरात नकोत. टाळ्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. भजनाची सवय असलेली पोरं पहिल्या ठोक्यावरच मारणार. त्यावर उपाय: एक आणि तीनला पाय आपटायचा, दोन आणि चारला टाळी. पाय-टाळी-पाय-टाळी. नुसतं तोंडानं सांगून नाही व्हायचं.

मिनिटाला ८० ठोके धरा. बारा घरं ३६ सेकंदात होतात. तीन मिनिटांच्या तबकडीत चार-पाचच कडवी का बसतात तेही पोरांना आपोआप कळतंय मग.

हलगी खोलीत नको. पत्र्याखाली सगळं खाऊन टाकते. दारात बसवा, एकाच काडीनं.

तबकडी७८

कॉटनबाई मला आवडतात, पण धागा १९२०च्या गायिकांचा आहे. त्यांचं मुद्रण १९५० नंतरचं, आणि 'फ्रेट ट्रेन' बारा घरांचं नाही. पहिल्या दिवशी तेच ऐकवलं तर दुसऱ्या दिवशी चौकोन आखून काय सांगणार?

हलगी_कडकड

पहिल्या दिवशी चौकोन नकोतच. पहिल्या दिवशी पोरांनी दुसऱ्या दिवशी यायचं ठरवलं पाहिजे, बास. पिढी तर तीच आहे की, बेसीच्याच वयाची बाई.

शेंगाचटणी

दोघांचंही घेते: पहिल्या रविवारी मालगाडी, दुसऱ्यापासून चौकोन. पायपेटी, तो दोन गंधारांच्या मधला सूर मुलांच्या गळ्यात कसा उतरवायचा? पेटीवर तर तो नाहीच. आणि मुलांनी स्वतः कडवी रचली तर चालीत बसतील का?

पायपेटी

पेटीवर नाही हे बरंच आहे, गळ्याला काम राहतं.

पेटीवर फक्त सा-प धरून ठेवा, ग अजिबात नको. मुलांनी कोमल ग लावायचा आणि चार ठोक्यांत मींड घेत, म्हणजे आवाज न तोडता सरकत, शुद्ध गंधारापर्यंत जायचं. तीनचार वेळा झालं की हातानं खूण करून मध्येच थांबवा. तिथं थरथरतं ते हवंय. मग 'सा'चं पूर्ण घर वाजवा, शुद्ध गंधारासकट, आणि त्यावर पुन्हा तेच. आता सूर टोचतो, टोचू द्या. मुलं घाबरून शुद्धावर सरकतात, कारण पेटीत तो वाजतोय. म्हणून क्रम उलटा करू नका. नंतर 'म'च्या घरात जा आणि 'सा'ऐवजी कोमल ग घ्या: कोमल ग-म-ध. तोच टोचणारा सूर इथं घरचा होऊन बसतो. हा फरक मुलांना सांगावा लागत नाही, चेहरे बदलतात.

ओवीबद्ध

कडव्यांचं मी सांगते. रचना तीन ओळींची: ओळ, तीच ओळ पुन्हा, मग जवाब. जात्यावर बसलेली बाई ओळ घोळवते ती काय उगाच? पुढची ओळ जुळवायला तेवढा वेळ मिळतो. प्रत्येक ओळीला चार घरं, पण शब्द सव्वादोन घरांतच संपले पाहिजेत. उरलेली जागा वाद्याची. 'सेंट लुईस ब्लूज'मध्ये बेसी थांबली की आर्मस्ट्राँगचं कॉर्नेट बोलतं, ती जागा. मागं साथ धरणाऱ्या झीलकऱ्याची आठवण होईल, पण झीलकरी बहुतेक तेच पद उचलून धरतो. कॉर्नेट दर वेळी नवं उत्तर देतं.

मुलं नेमकी इथंच चुकतात. रिकामी जागा दिसली की शब्द कोंबतात. मग तिसऱ्या ओळीला श्वास उरत नाही. उपाय सोपा: ओळ १४ ते १६ उच्चारांची ठेवा ('दोनला' म्हणजे दोनच, दोन्-ला) आणि वर्गाचे दोन गट करा. एक गातो, दुसरा उरलेल्या पावणेदोन घरांत कंगव्यावर उत्तर देतो.

नमुना म्हणून हे घ्या, चालीत बसतं:

पाणी सुटलं रात्री दोनला, घागर राहिली भरायची
गं पाणी सुटलं रात्री दोनला, घागर राहिली भरायची
मोटर लावली, लाईटच गेली, आंघोळ कशी करायची?

'दुःखाचं गाणं लिहा' असं मुलांना सांगू नका, सगळी कुत्री-मांजरं मरतील कडव्यात. 'कशाचा वैताग येतो?' एवढंच विचारा. ब्लूजमध्ये रडणं असतं त्याहून जास्त कुरकुर आणि थट्टा असते, जवाबाच्या ओळीत तर थट्टाच. कन्नड, तेलुगूत रचू दे, सोपंच जाईल. दोन्ही भाषांत शब्द स्वरावर संपतात, ओढायला बरं.

आता तुमचा चौथा प्रश्न. आठ-नऊच्या मुलांना एवढं पुरे: या बायकांच्या आज्या-पणज्यांना माणसं विकत घेऊन राबवलं होतं, १८६५ मध्ये कायद्यानं ते बंद झालं, पण नंतरही बसायची जागा, शाळा, दवाखाना वेगळा, आणि त्यांच्या तबकड्यासुद्धा कंपन्या वेगळ्या यादीत विकायच्या. दहा-अकराची मुलं स्वतःहून 'आपल्याकडं?' विचारतील. पाणवठ्याचं सांगा, आंबेडकरी जलशांचं सांगा. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मात्र सांगू नका. जात आणि वर्ण यांची मुळं वेगळी, कायदे वेगळे. गाण्यानं काय काम केलं, तेवढी तुलना पुरते.

मा रेनी तंबूतल्या खेळांत गायची, गावोगाव. फडाची कनात, राहुटी बघितलेल्या मुलाला हे चित्र लगेच दिसतं. पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकरांचा फोटो शेजारी ठेवा. मा रेनीच्या गळ्यात सोन्याच्या नाण्यांची माळ असायची. मुलींना विचारा, आपल्याकडं हिला काय म्हणतात? पुतळ्यांची माळ.

एक खोटी गोष्ट टाळा. बेसी २६ सप्टेंबर १९३७ ला मोटार अपघातात गेली, मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलजवळ. गोऱ्यांच्या दवाखान्यानं दारातून परत पाठवलं म्हणून गेली, ही कथा नेटवर अजून फिरते. तसं घडलं नाही. तिला नेलं होतं ते कृष्णवर्णीयांच्याच दवाखान्यात. वर्णभेद खराच होता, त्यासाठी खोट्या गोष्टीची गरज नाही. त्यापेक्षा तिची कबर १९७० पर्यंत दगडाविना होती आणि तो बसवायला जॅनिस जॉपलिन या गायिकेनं पैसे घातले, हे सांगा.

आणि मेमी, बेसी, क्लारा, ट्रिक्सी, सगळ्या स्मिथ. एकमेकींच्या कुणी नव्हेत. मुलं 'बहिणी का?' विचारणारच.

शेंगाचटणी

कंगव्याचं नीट सांगा कुणीतरी. बटर पेपर का?

हलगी_कडकड

होय, बटर पेपरच. चहाच्या गाड्यावरचा वर्तमानपत्राचा कागद थरथरत नाही. बारीक दात्यांचा कंगवा, त्याच्या लांबीएवढा आणि दुप्पट रुंदीचा कागद, दात्यांवर दुमडायचा, दाते आत, घडी दात्यांच्या टोकाकडं. ओठ जेमतेम टेकवायचे आणि गुणगुणायचं, 'तू-तू-तू'. पोरं फुंकर मारतात आणि 'वाजत नाही' म्हणतात. फुंकून वाजतच नसतं, आवाज गळ्यातनं द्यावा लागतोय. ओठ दाबले तरी बंद पडतंय. थुंकीनं कागद भिजला की बदला. १४ पोरांना तासाला तीसेक तुकडे आधीच कापून ठेवा. ज्याचा कंगवा त्यानं घरनं आणायचा, उवांची भानगड नको.

खर्जाला कळशी. तोंड लहान असलेली घ्या, हंडा नको. तोंडापासून दोन बोटं लांब ओठ धरून आत 'पु' करायचं. अर्धी पाण्यानं भरली की सूर चढतो. जग (म्हणजे चंबू) वाजवणारे तिकडचे जग बँडवाले असंच वाजवायचे, मेम्फिस मिनीसुद्धा १९३० मध्ये मेम्फिस जग बँडबरोबर गायलीय, त्यामुळं पोरखेळ म्हणून कुणी नाकं मुरडली तर सांगायला बरं.

तबकडी७८

शेवटच्या रविवारी रेकॉर्डिंग करणार असाल तर १९२५ च्या आधीसारखं करा, मायक्रोफोनविना. जाड कार्डशीटचा शंकू वळा, मोठं तोंड फूटभर, लहान तोंड बोटभर, टेपनं पक्का. लहान तोंडाशी फोनचा माइक. गाणारी मुलगी भोंग्यापासून हातभर, कंगवेवाले तीन पावलं मागं, कळशी त्यामागं, पेटी बाजूला स्टुलावर. जुन्या मुद्रणात मोठा ढोल टाळायचे, दणक्यानं सुई उडायची. तुमची हलगी म्हणून पार बाहेर. फोनचं नॉईज रिडक्शन बंद केलं नाही तर कंगव्याला फोन गोंगाट समजून पुसून टाकतो.

पहिला टेक बिघडणारच. गाणारी ऐकू येईल पण पेटी गडप. आवाज वाढवायला बटण नाही, मुलांनीच पुढं-मागं सरकायचं.

शेंगाचटणी

कार्डशीट नवी पेठेत मिळेल. कळशी कुणाच्या घरनं मागायची एवढंच बघायचंय, त्या दिवशी पाणी सुटायचं असलं तर कोण देणार नाही.

हलगी_कडकड

तेवढंच कडवं वाढलं की.